सब-डीबीला मेन लागतो का? या चुका टाळा

"काका, पुढच्या बोर्डात एमसीबी हाय की, मग मागच्या डीबीला परत मेन कशाला?" हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी ऐकायला लागतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त पैसे वाचवायचे असतात, पण प्रश्न चुकीचा नाही. डीबी म्हणजे सर्किटं वाटून देणारा बोर्ड, सब-डीबी म्हणजे मेन बोर्डाकडून केबल आणून लावलेला दुसरा. एमसीबी म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणारा खटका, आणि मेन म्हणजे अख्खा बोर्ड बंद करणारा.

सब-डीबीकडे जाणारी केबल जिथून निघते, तिथं त्या केबलला झेपेल एवढाच एमसीबी असला तर केबलचं रक्षण होतं. डीबीच्या तोंडाशी दुसरा एमसीबी पाहिजेच असं नाही. पण डीबी पूर्ण बंद करायला हाताशी काहीतरी पाहिजे. लोक गाळतात ते नेमकं हेच, आणि एकेकाळी मीही गाळलंय.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एक टॉवेलचं शेड आहे. पुढं गोडाऊन, मधे बोळ, मागं माग. मेन बोर्ड गोडाऊनमध्ये, शेडात सब-डीबी. मालक म्हणाले, "अण्णा, खर्च कमी करा." मी आत आलेली केबल थेट बसबारला, म्हणजे सगळ्या एमसीबींना सप्लाय देणाऱ्या पट्टीला, लावून मोकळा झालो. दोन-तीन वर्षं काही झालं नाही. मग गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात, नंदीध्वजांची मिरवणूक चालू असताना, शेडातल्या एका एमसीबीचा ढिला स्क्रू तापला. प्लास्टिक वितळलं, खटका जागेवरच चिकटला. तेलपाणी करायला आलेली दोन पोरं धूर बघून मेन शोधायला पुढं पळाली, तर गोडाऊनला कुलूप. किल्ली मालकाच्या खिशात, आणि मालक मिरवणुकीच्या गर्दीत! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पोरांनी पहारीनं कुलूप तोडून सप्लाय बंद केला. मागाखालचे सुताचे तंतू आदल्या दिवशीच झाडलेले होते म्हणून दोन गठ्ठ्यांवर निभावलं. मालक मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: सब-डीबी दुसऱ्या खोलीत, मजल्यावर किंवा शेडात असली की तिथं आयसोलेटर, म्हणजे अख्खी डीबी हातानं बंद करायचा स्विच, बसवतोच. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. जागा दाराजवळ, खांद्याच्या उंचीला. गिऱ्हाईक नको म्हणालं तर काम दुसऱ्याला द्या म्हणतो.

आता दुसरी चूक, नव्या पोरांची लाडकी: आयसोलेटरला एमसीबी समजणं. दोन्ही दिसायला सारखेच, एकाच पट्टीवर बसतात, दोघांवरही ६३ लिहिलेलं असतं. पण आयसोलेटर हा नुसता स्विच आहे. ओव्हरलोड झाला, शॉर्ट झाला, तरी तो आपणहून पडत नाही. केबल निघते तिथं एमसीबी नसताना सब-डीबीत आयसोलेटर लावून "मेन बसवला" म्हणणारे मी पाहिलेत. त्याच्या उलटही होतं. घरात ४ चौरस मिमीची वायर आणि तिच्यामागं ६३ अँपिअरचा एमसीबी, कारण ३२ वाला "सारखा पडत होता". अरे, पडत होता म्हणजे काहीतरी सांगत होता! एमसीबी वायरीसाठी असतो. मोठा लावलात तर वायरच फ्यूज होते, तीही भिंतीच्या आत.

पुढच्या बोर्डात ३२ आणि मागच्या डीबीतही ३२ चा एमसीबी लावून डबल सेफ्टी होत नाही. शॉर्ट झाला की कोणता पडेल सांगता येत नाही, कधी दोन्ही पडतात. वाचलेल्या पैशात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्या, म्हणजे करंट जमिनीकडे गळाला की सप्लाय तोडणारा खटका. फक्त ती ओव्हरलोडला पडत नाही, एमसीबी वेगळा लागतोच. आणि तिच्या सर्किटचे न्यूट्रल तिच्याच लिंकवर, म्हणजे न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर, आणा. दुसऱ्या लिंकवर गेला की गिझर लावताच ती पडते, मग कुणीतरी शहाणा तिला बायपास करतो.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. तिथंही हे दोन सर्व्हिसच्या जागीच, म्हणजे सप्लाय इमारतीत येतो तिथंच, जोडतात, सब-पॅनेलमध्ये वेगळे ठेवतात, पण पोरं व्हिडिओ अर्धाच बघतात. आपल्या सब-डीबीत जोडलेत तर आरसीसीबी टिकणार नाही, आणि मेन बोर्डाकडून येणारा न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या दारालाही करंट येईल.

सर्किटवर नावं लिहा. पेनानं नको, पुसलं जातं.

शेवटचं, खास आपल्या गावासाठी. एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमानाला धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४ अंश, आणि डीबी पत्र्याखाली पश्चिमेच्या भिंतीवर. दुपारी तीनला एमसीबी पडतो, संध्याकाळी गुपचूप राहतो. बदलायच्या आधी सप्लाय बंद करून स्क्रू आवळा, लोड मोजा, आणि जमलं तर डीबी सावलीच्या भिंतीला हलवा. दुकानदार मोठा एमसीबी लगेच देईल, त्याला काय, विकायचाच आहे.