थायरॉइडची गोळी नीट कशी घ्यायची: चहा, कॅल्शियम, सोलापूरचा उन्हाळा आणि टीएसएचचा रिपोर्ट

सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी तोंडात टाकायची, पाचच मिनिटांत वर दुधाचा चहा, आणि कधीकधी तर त्याच चहाबरोबर कॅल्शियमची गोळी पण, असं घराघरात चालतं आणि मग रक्ताच्या तपासणीत टीएसएच हा थायरॉइडचा आकडा वाढलेला आला की डॉक्टरांचा डोस लागू पडत नाही म्हणतात. मी सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर असतो, रोज हेच ऐकतो. बऱ्याच जणांचा डोस बरोबर असतो, घ्यायची पद्धत चुकलेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आत काय चालतं ते बघू. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड ग्रंथी असते, ती मुख्यतः थायरॉक्सिन म्हणजे टी-फोर हे हार्मोन बनवते आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणं, पाळी, केस, डोकं किती तरतरीत राहतं, सगळ्यावर त्याचा हात असतो. किती बनवायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच पाठवून देते. मागावर कापड कमी निघायला लागलं की मुकादम जोरात ओरडतो आणि काम नीट चाललं की गप्प बसतो ना, तसं टीएसएच म्हणजे मुकादमाचं ओरडणं. म्हणजे रिपोर्टमध्ये टीएसएच वाढला तर थायरॉइडचं काम कमी पडतंय, आणि टीएसएच अगदी तळाला गेला तर बहुतेक वेळा हार्मोन जास्त झालंय. हे उलटं गणित डोक्यात पक्कं ठेवा, कारण आकडा वाढला म्हणजे गोळी जास्त होतेय असं समजून स्वतःच अर्धी करणारे लोक मी बघितलेत.

कमी पडलं की काय होतं? झोप झाली तरी थकवा, अंग सुजल्यासारखं, कातडी कोरडी, पोट साफ नाही, आवाज घोगरा, पाळीत जास्त रक्तस्राव, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात सगळं घर घामाने भिजलेलं असताना एकटी काकूच पंखा बंद कर म्हणते. हार्मोन जास्त झालं की याच्या उलट, छातीत धडधड, हाताला थरथर, खाऊनपिऊन वजन उतरतं, झोप लागत नाही. फक्त लक्षणांवरून काही ठरवू नका, रक्त कमी असलं किंवा शुगर असली तरी असाच थकवा येतो, तपासणीच करा. आणि वजनाचं खरं सांगायचं तर सगळी चरबी थायरॉइडमुळे नसते, त्याच्यामुळे वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही पाणी आणि मीठ बरंच, त्यामुळे गोळी सुरू केली की पंधरा किलो उतरतील ही अपेक्षा ठेवू नका.

आता गोळी. हिच्यात तेच थायरॉक्सिन असतं. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही नाही, चहा पण नाही, कॉफी पण नाही. हा एक तास लोकांना लई जड जातो. सोपा उपाय म्हणजे बाटली उशाशी ठेवायची, जाग आली की आधी गोळी, मग आंघोळ, पाणी भरणं, देवपूजा, आणि मग चहा. विडी करायला किंवा कारखान्यात लवकर जायचं असेल आणि सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, पण मग शेवटचं जेवण होऊन तीन तास झालेले पाहिजेत. रमजानमध्ये रोजे असले तरी गोळी बंद करायची नाही, रात्रीची किंवा सहरीच्या आधीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि गुरुवार, चतुर्थी, श्रावण असा कुठलाही उपवास असला तरी पाण्याबरोबर गोळी चालते की, त्यात काय मोडतंय.

कॅल्शियम, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचं अंतर ठेवा, कारण ही औषधं पोटातच थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट जातच नाही. गरोदर बायकांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त घडतं, लोह आणि कॅल्शियम त्यांना मिळतंच आणि त्या सगळं एकदम घेऊन मोकळ्या होतात. थायरॉइड सकाळी, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, असं वाटून घ्या.

दुसरी गोष्ट, आपला उन्हाळा. ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होते, बहुतेक बाटल्यांवर पंचवीस किंवा तीस अंशाच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे. म्हणून स्कूटीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी किंवा गॅसच्या वरच्या फळीवर बाटली ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा शोधा, झाकण घट्ट लावा, गोळ्या दुसऱ्या डबीत ओतून ठेवू नका, आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांचा साठा एकदम घेऊ नका. कंपनी पण सारखी बदलू नका, बदलावी लागलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा.

सहा ते आठ आठवडेच का? थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलला की पातळी स्थिर व्हायला आणि पिट्युटरी शांत व्हायला तेवढा वेळ जातोच. पंधरा दिवसांत तपासून घाबरण्यात अर्थ नाही. याच कारणाने एखादी गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही, त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच. टीएसएचला उपाशी राहायची गरज नाही, पण दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त द्या आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन खात असाल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो. नॉर्मल आकडा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास, लॅबनुसार थोडा इकडेतिकडे. १० च्या वर असेल तर बहुतेक वेळा गोळी लागते, मधला असेल तर सहसा दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात, आणि म्हाताऱ्या माणसांचा थोडा वाढलेला असला तरी लगेच औषध लागतंच असं नाही. त्यांना डोस पण हळूहळू वाढवतात, कारण जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात.

गोळीची सवय लागते का, हा प्रश्न रोज येतो. नाही लागत. ग्रंथी कमी पडते म्हणून बाहेरून भरपाई, बस. पण स्टिरॉइडचं तसं नाही, ते बरेच आठवडे घेतलं की पिट्युटरीचा त्यासाठीचा हुकूम गप्प होऊ शकतो आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, पुरेसं बनवत नाहीत. मग एकदम बंद केलं की उलट्या, बीपी खाली, बेशुद्ध, जीवावर बेततं. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून मला त्यांची खरंच भीती वाटते. कोणी महिनोन्‌महिने खात असेल तर ओरडू नका, झटक्यात बंदही करायला लावू नका, पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे न्या.

खाण्याचं थोडक्यात. भाकरी, शेंगाचटणी, शिजवलेली कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात बिनधास्त खा. मीठ आयोडीनवालं वापरा, घरात फक्त सैंधव चालू असेल तर आयोडीन कमी पडू शकतं. मात्र ज्यांची ग्रंथी स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच खराब केलीय, आणि आयोडीन पुरेसं असताना हेच कारण सगळ्यात जास्त दिसतं, त्यांची गोळी मीठ बदलून बंद होत नाही.

आणि गोळी चालू असताना पाळी चुकली तर थांबू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, कारण सुरुवातीचे तीन महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर चालते आणि डोस बहुतेक वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर तो परत कमी करतात, त्याची तारीख विचारून ठेवा. बाळाच्या टाचेतून तिसऱ्या दिवसाच्या आसपास थेंबभर रक्त घेऊन टीएसएच बघता येतो, सगळीकडे आपोआप करतातच असं नाही, म्हणून दवाखान्यातून घरी सोडायच्या आधी सिस्टरला स्वतः विचारा, दोष निघाला तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली पाहिजे.