अमेरिकन राजकारण्याची पर्यायी कारकीर्द कशी रचावी: लिंडन जॉन्सन १९४८ मध्ये हरले असते तर

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण जर-तरच्या गप्पा बंद पाडतो. पण अमेरिकेच्या राजकारणात काही आत्याबाईंच्या मिशा फुटता फुटता राहिल्या आहेत. २८ ऑगस्ट १९४८ रोजी टेक्ससमध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची निर्णायक फेरी झाली. जवळपास दहा लाख मतं पडली आणि लिंडन जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. पंधरा वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. एवढ्या मतांनी तर आपल्याकडे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी पडतो.

अशा ठिकाणी बोट ठेवायचं, निकाल उलटा करायचा आणि त्या माणसाचं पुढचं आयुष्य वर्षावर्षाने रचत जायचं, असा हा खेळ आहे. तो अमेरिकन राजकारण्यांवर विशेष रंगतो, कारण तिथलं वेळापत्रक पक्कं असतं. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी, सिनेटच्या एक तृतीयांश जागांचीही दर दोन वर्षांनी आणि राष्ट्राध्यक्षपदाची दर चार वर्षांनी. सभागृह मुदतीआधी बरखास्त होण्याची भानगडच नाही. त्यामुळे १९४८ मध्ये एक सोंगटी हलवली की १९५४ मध्ये कोणता दरवाजा उघडेल, हे आधीच ठाऊक असतं.

१. वळण शोधा, तेही लहानात लहान

नवशिके थेट व्हाइट हाऊसपासून सुरुवात करतात: लिंकन वाचले असते तर, केनेडी वाचले असते तर. हे विषय इतके चघळून झाले आहेत की त्यात नवं काही उरलेलं नाही. खरा माल खालच्या पायरीवर आणि पराभवांच्या यादीत सापडतो. हॅरी ट्रुमन यांचं कॅन्सस सिटीतलं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान १९२२ मध्ये बुडालं आणि त्याच वर्षी ते स्थानिक निवडणुकीला उभे राहिले. दुकान चाललं असतं तर? रिचर्ड निक्सन यांनी १९३७ मध्ये वकिलीचं शिक्षण संपताना एफबीआयकडे अर्ज केला होता. नोकरी मिळाली असती तर? बराक ओबामा २००० मध्ये शिकागोत बॉबी रश यांच्याविरुद्ध प्रतिनिधिगृहाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, सपाटून हरले. जिंकले असते तर बहुधा २००४ ची सिनेटची निवडणूक त्यांनी लढवलीच नसती.

चांगल्या वळणाची माझी कसोटी एकच: निकाल उलटण्यासाठी किती माणसांचं मन बदलावं लागतं? जितकी कमी, तितकं वळण भक्कम.

जॉन्सन यांच्या बाबतीत तीन वळणं हाताशी आहेत. पहिलं म्हणजे ॲलिस गावातली कुप्रसिद्ध १३ क्रमांकाची पेटी. मतदान संपून काही दिवस उलटल्यावर त्या पेटीच्या आकड्यात दोनशे मतांची भर पडली, जवळजवळ सगळी जॉन्सन यांच्या पारड्यात. ज्यांनी मतदारांची यादी पाहिली त्यांनी सांगितलं की शेवटची नावं एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आणि चक्क वर्णानुक्रमे होती. मतदार रांगेतही बाराखडी पाळून उभे राहिले म्हणायचे! तिसरं वळण कोर्टातलं. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर छापण्याला एका फेडरल न्यायाधीशाने मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी उठवली.

पण मी मधलं वळण घेतो. फोर्ट वर्थमध्ये पक्षाच्या राज्य समितीने या निकालावर मतदान केलं आणि जॉन्सन यांची उमेदवारी २९ विरुद्ध २८ मतांनी कायम केली. इथे एकच माणूस फिरला की पुरे. शिवाय पेटीत कोणी काय घातलं, हे आपल्याला ठरवावं लागत नाही.

तर आपल्या गोष्टीत तो एक माणूस फिरतो. उमेदवारी जॉन्सन यांचे प्रतिस्पर्धी, माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन यांना मिळते. त्या काळच्या टेक्ससमध्ये डेमोक्रॅट उमेदवार म्हणजे निवडून आल्यातच जमा, म्हणून नोव्हेंबरची चिंता करू नका.

२. त्या दिवशी माणूस नेमका कुठे उभा आहे ते पाहा

पुढचं काही सुचवण्याआधी वळणाच्या दिवशीचा जमाखर्च मांडा. वय, घर, पैसा, तब्येत, मित्र, शत्रू. निर्णायक फेरीच्या आदल्याच दिवशी जॉन्सन यांनी चाळिशी गाठली होती. प्रतिनिधिगृहातली १९३७ पासूनची जागा त्यांनी सिनेटसाठी सोडली होती आणि तिथे होमर थॉर्नबेरी यांचं नाव लागलं होतं, म्हणजे परतीची वाट बंद. त्याआधी १९४१ मध्ये सिनेटची पोटनिवडणूक ते १,३११ मतांनी हरले होते. दुसऱ्यांदा हरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा पैसा कोण देणार?

जमेच्या बाजूला दोन गोष्टी. प्रतिनिधिगृहातले पक्षाचे सर्वात वजनदार नेते सॅम रेबर्न हे त्यांचे पाठीराखे. आणि पत्नी लेडी बर्ड यांनी १९४३ मध्ये घेतलेलं ऑस्टिनचं रेडिओ स्टेशन. टीव्हीचं युग दारात उभं आहे. म्हणजे १९४९ चे जॉन्सन रस्त्यावर येत नाहीत, ते ऑस्टिनमध्ये बसून पैसा करतात. आणि तडफडतात.

३. खुर्च्यांचा हिशोब मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी कोणत्या खुर्चीत कोण होतं ते लिहा, उजवीकडे तुमच्या गोष्टीतलं. एक माणूस उठवला की दुसरा कोणीतरी बसतो, आणि तो जिथून उठला ती खुर्ची रिकामी होते. हा माग शेवटपर्यंत काढायचा. आळशी लेखक नायकाला हलवतात आणि बाकीच्यांना जागच्या जागी ठेवतात.

टेक्ससच्या सिनेटमध्ये दोन खुर्च्या. एकीवर आता स्टीव्हन्सन, जानेवारी १९५५ पर्यंत. दुसरी १९५२ मध्ये टॉम कॉनली यांच्या निवृत्तीने रिकामी होते. जॉन्सन यांनी तेव्हा उडी मारावी का? माझ्या मते नाही. प्रत्यक्षात ती प्राइस डॅनियल यांनी जिंकली, आणि त्या वर्षी टेक्सस समुद्रकिनाऱ्यालगतच्या तेलाच्या हक्कांवरून इतकं पेटलं होतं की राज्याने रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना कौल दिला. वॉशिंग्टनचा माणूस असा शिक्का बसलेल्या जॉन्सन यांचा तिथे निभाव लागणं कठीण. १९५४ मध्ये विद्यमान सिनेटर स्टीव्हन्सन यांच्याशी पुन्हा गाठ, तीही धोक्याची.

खरा दरवाजा उघडतो एप्रिल १९५७ मध्ये. डॅनियल गव्हर्नर होतात, खुर्ची रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. सगळे उमेदवार एकाच फेरीत, सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी. प्रत्यक्षात राल्फ यार्बरो ही जागा निम्म्याहून कमी मतांवर जिंकले. अशी निवडणूक हातात टीव्ही स्टेशन असलेल्या, आठ वर्षं भुकेल्या माणसासाठीच असते. म्हणून मी जॉन्सन यांना १९५७ मध्ये सिनेटमध्ये आणतो. मधल्या काळातला जुलै १९५५ चा हृदयविकाराचा झटका तसाच ठेवतो. सिगारेटी त्याच, धावपळीचा पिंडही तोच. यार्बरो यांनाही वाऱ्यावर सोडायचं नाही. गव्हर्नरपदाच्या प्रायमरी तीनदा हरलेला तो गृहस्थ चौथ्यांदा उभा राहील, असं मी धरतो.

आता वॉशिंग्टनची बाजू. १९५२ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमधल्या डेमोक्रॅटांचे नेते अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना पाडलं आणि त्या रिकाम्या जागी पहिल्याच मुदतीतले जॉन्सन बसले. आपल्या गोष्टीत ते तिथे नाहीतच. दाक्षिणात्यांचे म्होरके रिचर्ड रसेल यांना ती जागा सहज मिळाली असती, पण त्यांना ती नको होती. मी केंटकीचे अर्ल क्लेमेंट्स यांना बसवतो. ते प्रत्यक्षात जॉन्सन यांचे उपनेते होते. १९५६ मध्ये ते निसटते हरले, म्हणून पुढे माइक मॅन्सफिल्ड. हे दोघेही जॉन्सन यांच्यासारखे समोरच्याच्या छातीला छाती भिडवून, कोटाची कॉलर धरून मत वळवणारे नव्हेत. १९५७ चा नागरी हक्क कायदा यांच्या हातून सुटला असता का, हा प्रश्न उजव्या बाजूला ठळक लिहून ठेवा.

४. घटनेचे नियम चाळणीसारखे वापरा

राष्ट्राध्यक्ष पस्तिशीच्या पुढचा आणि जन्माने नागरिक असावा लागतो. बेळगाव भागातून अमेरिकेत गेलेले आणि २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आलेले मराठी भाषक श्री ठाणेदार यांना कल्पनेत गव्हर्नर करा, सिनेटर करा, पण व्हाइट हाऊसचं दार त्यांना घटनाच बंद करते. तिसऱ्यांदा निवडून येण्यावर १९५१ पासून बंदी आहे. उपाध्यक्षपद मध्येच रिकामं झालं तर भरण्याची सोय १९६७ मध्ये आली, त्याआधी ते रिकामंच राहायचं. इथे भलेभले घसरतात.

५. इलेक्टोरल मतांची बेरीज स्वतः करा

१९६०. केनेडींच्या जोडीला जॉन्सन नाहीत. त्यांच्या जागी मिसूरीचे स्टुअर्ट सिमिंग्टन घ्या किंवा वॉशिंग्टन राज्याचे हेन्री जॅक्सन, दोघांचीही नावं तेव्हा चर्चेत होती. केनेडींना प्रत्यक्षात ३०३ इलेक्टोरल मतं (राज्य जिंकणाऱ्याला सहसा एकगठ्ठा मिळणारी त्या राज्याची मतं) मिळाली, निक्सन यांना २१९, आणि जिंकायला २६९ लागत होती. केनेडींनी टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं, तेही घरचा माणूस जोडीला असताना. ते गेलं असं धरा. २४ वजा, उरले २७९. केनेडी तरीही राष्ट्राध्यक्ष.

पण इलिनॉयमध्ये त्यांची आघाडी नऊ हजारांच्याही आत होती आणि तिथली मतं २७. तीही गेली तर निक्सन २७०. काठावर, पण पास!

मी इलिनॉय हलवत नाही, कारण टेक्ससमधल्या बदलाचा शिकागोशी सरळ धागा जुळत नाही. एका वळणाने दोन राज्यं पाडायची असतील तर दोन्हीकडे पोहोचणारं कारण दाखवावं लागेल.

मग २२ नोव्हेंबर १९६३ ला टेक्ससमध्ये झालेल्या केनेडींच्या हत्येचं काय? केनेडींच्या टेक्सस दौऱ्यामागे तिथल्या डेमोक्रॅटांमधली भांडणं मिटवणं हाही हेतू होता. एका बाजूला सिनेटर यार्बरो, दुसऱ्या बाजूला गव्हर्नर जॉन कॉनली आणि उपाध्यक्ष जॉन्सन. आपल्या गोष्टीत यार्बरो सिनेटमध्ये नाहीत, जॉन्सन उपाध्यक्ष नाहीत आणि कॉनली हे जॉन्सन यांच्याच तालमीतले. भांडणच वेगळं. कारण नाहीसं झाल्यावर घटना तारीखवार जशीच्या तशी ठेवणं म्हणजे फसवणूक.

६. स्वभाव तोच ठेवा, आणि कायदे एकदम पुसू नका

माणसाचं पद बदला, पिंड नको. १९४१ मध्ये जॉन्सन यांनी आपल्या बालेकिल्ल्यांचे आकडे लवकर जाहीर केले आणि किती मतं जमवायची हे समोरच्याला कळलं. १९४८ मध्ये त्यांनी ते पुन्हा होऊ दिलं नाही. हरल्यावर शिकणारा माणूस आहे हा. कोटुला गावात गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवतानाची त्यांची कळकळही खरी होती. सिनेटच्या मागच्या बाकावरही हे दोन्ही जॉन्सन असतील.

कायद्यांचं थोडं वेगळं असतं. त्यामागे अनेक हात असतात. भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना कोटा देणारी जुनी पद्धत मोडणारा कायदा जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही करून लागू केला. आज न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या कितीतरी मराठी घरांचा उगम तिथे आहे. पण तो मांडणारे इमॅन्युएल सेलर आणि फिलिप हार्ट आपल्या गोष्टीतही आहेत, आणि केनेडींनी तशी शिफारस १९६३ मध्येच केली होती. म्हणून मी तो पुसत नाही, काही वर्षं उशिरा आणतो. एखाद्या कुटुंबातला मुलगा १९६८ ऐवजी १९७२ ला निघतो. किंवा तोवर लग्न होऊन पुण्यातच रमतो.

७. लिहून काढा

कोशातल्या नोंदीसारखी कोरडी शैली सगळ्यात जमते. नमुना असा:

“जॉन्सन, लिंडन बेन्स (१९०८–१९७३). ऑस्टिनचे रेडिओ-टीव्ही व्यावसायिक व सिनेटर. १९३७ ते १९४९ प्रतिनिधिगृहाचे सदस्य. सिनेटसाठी १९४१ व १९४८ मध्ये पराभूत. एप्रिल १९५७ च्या पोटनिवडणुकीत विजयी, १९५८ व १९६४ मध्ये फेरनिवड. १९७० मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव उभे राहिले नाहीत. नेतेपदासाठी दोनदा प्रयत्न, दोन्ही वेळा मॅन्सफिल्ड यांच्याकडून पराभूत.”

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं, पण जॉन्सन यांना ओळखणाऱ्याला ते खोटं वाटू नये. हयात माणसांवर लिहिताना मात्र काल्पनिक गुन्हे आणि लफडी टाळा. निवडणूक हरवा, खातं बदला, तेवढं पुरतं.

सरावासाठी ८ नोव्हेंबर १९९४ घ्या. त्या रात्री जॉर्ज डब्ल्यू. बुश टेक्ससचे गव्हर्नर झाले आणि धाकटे भाऊ जेब फ्लोरिडात सुमारे ६४ हजार मतांनी हरले. दोन्ही निकाल उलटे करा. टेक्सस अवघड जाईल, कारण जॉर्ज यांची आघाडी चांगली मोठी होती, तेव्हा कारण जपून शोधा. मग वहीत पहिली नोंद जॉर्ज यांनी प्रत्यक्षात हरवलेल्या गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांची करा: त्यांची दुसरी मुदत जानेवारी १९९९ ला संपते. फ्लोरिडात जेब यांचीही पहिली मुदत त्याच महिन्यात संपते.