लहान मुलांच्या घरात गोधडी कशी शिवावी

मूल लहान असलं की आईला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली पाच मिनिटं, शाळेची बस यायच्या आधीची सात, दुपारी धाकटा झोपला तर वीस. या तुकड्यांत रंगपेटी उघडून बसता येत नाही आणि पेटीचे सूर लागेपर्यंत हाक येते. शिलाई मशीनच्या आवाजाने झोपलेलं मूल उठतं. हातशिलाईची गोधडी मात्र कुठल्याही टाक्यावर ठेवून उठता येते आणि त्याच टाक्यावर परत बसता येतं. थोरली सहा वर्षांची, धाकटा सव्वादोनचा आणि घर वन-बीएचके, अशात मी तीन गोधड्या पूर्ण केल्या. चौथी सध्या चालू आहे. पहिल्यांदाच शिवणारीने पलंगभर गोधडीच्या मागे लागू नये. दुपट्याएवढी, ३५ इंच बाय ३५ इंचांची घ्या. ती एका साडीत होते आणि मांडीवर मावते.

साडी निवडणं

बोहारणीला द्यायच्या गठ्ठ्यात आधी शोधा. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली सहावार साडी हवी. सिंथेटिक नको, तिला घडी बसत नाही आणि मुंबईच्या घामात ती अंगाला चिकटते. साडी खिडकीसमोर उजेडात धरून बघा. जिथून पलीकडचं स्पष्ट दिसतं, तिथे कापड विरलंय. तो भाग आतल्या थरात टाकायचा. रंग जातो का, हेही आत्ताच पाहायचं. ओला पांढरा रुमाल साडीच्या कोपऱ्यावर जोरात घासा. लाल आणि काळ्या रंगाची खात्री केल्याशिवाय त्यांना पांढऱ्याशेजारी बसवू नका.

घरात सुती साडी नसेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये मीटरवर सुती कापड मिळतं. दादरला हिंदमातालाही मिळतं. मुलांना घेऊन मात्र तिथे जाऊ नका, त्या गर्दीत एक हात मुलाचा आणि एक पिशवीचा धरल्यावर कापड चाचपायला हात उरत नाही. दोरा कोपऱ्यावरच्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळतो. अँकरच्या भरतकामाच्या तीन लड्या पुरतात. एक लडी ८ मीटरची असते, सहा पदरी. पदर सोडवून तीन पदरी दोरा केला की एका लडीचे १६ मीटर होतात.

फाडणं

साडीचा फॉल आधी उसवून घ्या. साडी धुवा, वाळवा, इस्त्री करा. कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेलं चांगलं, कारण सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो. एका काठाच्या बाजूने, काठासकट, ९ इंचांची लांब पट्टी फाडून वेगळी ठेवा. हीच शेवटी गोट, म्हणजे कडेची पट्टी, म्हणून लागणार आहे. उरलेल्या कापडावर दर ३५ इंचांवर खूण करा, काठ घट्ट विणलेला असतो म्हणून तेवढा कात्रीने चिरा आणि तिथून आडवं फाडत जा. साडी साडेपाच मीटरची असली तर सहा चौकोन निघतात. त्यातले चार या गोधडीला लागतील. पदराचा चौकोन वर ठेवायचा, डोळ्यांना तोच दिसू दे.

फाडण्याचं काम मुलांसमोर करा. चर्र आवाज ऐकून धाकटा आनंदाने किंचाळतो आणि पुढचा पाऊण तास चिंध्या टिश्यूच्या रिकाम्या खोक्यात कोंबून परत ओढून काढण्यात घालवतो. बटणं आणि मणी मात्र त्या वयाच्या हाती देऊ नका, सरळ तोंडात जातात.

थर लावणं आणि कच्चे टाके

सगळ्या कामात सलग दीड तास लागतो तो फक्त इथे. थर लावून अर्धवट सोडले आणि मूल त्यावरून धावलं, की सगळं पहिल्यापासून. म्हणून हा दीड तास घरात आधी मागून घ्या, आणि नेमका मागा. ‘मला जरा वेळ देत जा’ म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि आठवडा निघून जातो. मी नवऱ्याला म्हटलं, ‘रविवारी दहा ते साडेअकरा पोरांना घेऊन बाहेर जा, घरात पाऊल टाकायचं नाही.’ तो त्यांना राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला घेऊन गेला. (राणीची बाग एरवी बुधवारी बंद असते.) सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, मीही बसते, दोघी मिळून लवकर होईल.’ कच्च्या टाक्यांना दुसरे दोन हात खरंच उपयोगी पडतात.

जमीन पुसून कोरडी करा. खालचा चौकोन पालथा अंथरा आणि त्याची कड फरशीच्या रेघेला लावा. लादीची रेघ सरळ असते, त्यामुळे पट्टी लागत नाही. चारही कोपरे कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. कापड ताणायचं नाही, नुसतं सपाट करायचं. त्यावर आतले दोन थर आणि सगळ्यात वर पदराचा चौकोन सुलटा. दर थराला तळहाताने मधून बाहेरच्या बाजूला सुरकुत्या सारत जा. मग वेगळ्या रंगाच्या साध्या दोऱ्याने, दर चार बोटांवर, उभे आणि आडवे लांब लांब कच्चे टाके घाला. हेही मधून सुरू करून कडेला न्यायचे. गाठ मारू नका, नंतर ओढून काढायचे आहेत.

कच्चे टाके पूर्ण झाले की गोधडी घडी करून पिशवीत टाकता येते, मुलाच्या अंगावर घालता येते, कशीही उचलली तरी थर हलत नाहीत. घाई करून हे टाके विरळ घालू नका. पहिल्या गोधडीत मी तेच केलं. शिवाय आमच्याकडे जुन्या बायका शिवतात तशी कडेकडेने फेरे घेत आत गेले, आणि मध्यावर कापडाचा फुगा आला. तेवढा भाग दोन रात्री बसून उसवावा लागला. सरावाच्या हाताला कडेकडेची गोधडी सुंदर जमते. पहिल्या वेळी मधल्या रेषेपासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना सरळ ओळी घालत जा.

एक दोरा म्हणजे एक बैठक

सुईत दीड हात दोरा ओवा, म्हणजे साधारण २७ इंच. त्याहून लांब घेतला तर त्याचा गुंता होतो. साधा धावदोरा घालायचा, सुईवर चार-पाच टाके घेऊन एकदम ओढायचा. टाका चारही थरांतून जातोय ना, हे डावा हात खाली ठेवून बोटाला कळतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडी घासताना बोट हुळहुळतं. दोन ओळींत एक इंच अंतर.

दीड हात दोऱ्यात साधारण दोन फूट शिवून होतं आणि सात-आठ मिनिटं लागतात. मी वेळ घड्याळाने मोजणं सोडून दिलं, दोऱ्याने मोजते. या आकाराच्या गोधडीला पन्नासेक दोरे लागतात. दिवसाला दोन किंवा तीन जमले तर तीन आठवड्यांत होते. एखाद्या दिवशी एकही जमत नाही, तापाच्या दिवसांत आठवडाभर जमत नाही. कापड थांबतं.

मुलांनाही दोरा कळतो. ‘पाच मिनिटं थांब’ हे दोन वर्षांच्या मुलाला समजत नाही, पण सुईला लटकणारा दोरा आखूड होताना त्याला दिसतो. पहिल्या आठवड्यात धाकटा मांडीवर येऊन सुईच ओढायचा. मी दोरा त्याच्या डोळ्यांसमोर धरून म्हणायचे, ‘एवढा संपला की आई तुझी.’ आणि संपला की खरोखर उठायचे, ओळ अर्धी असली तरी. हा शब्द एकदाही मोडायचा नाही, त्यावरच सगळं उभं आहे. आता तो शेजारी गाडी फिरवत बसतो आणि मधूनच वाकून बघतो, ‘संपला?’

सकाळी दोरे ओवून ठेवा. पाणी यायच्या वेळी, पिंपं भरत असताना, पाच सुयांत दोरे ओवून होतात. मग दिवसभर बसलं की थेट टाकाच.

सुया मोजणं

यात ढिलाई चालत नाही. घरात सुया पाचच ठेवा, सगळ्या एकाच पिनकुशनमध्ये, आणि प्रत्येकीत नेहमी भडक रंगाचा दोरा. बिनदोऱ्याची सुई गादीत गेली तर सापडत नाही. उठताना मोठ्याने मोजा, कितीही घाई असली, दाराची बेल वाजत असली तरी. आमच्याकडे मोजायचं काम थोरलीचं आहे. एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘आई, चारच आहेत.’ दोन्ही मुलांना खुर्चीवर बसवलं, मोबाईलचा टॉर्च फरशीला लावून आडवा प्रकाश टाकला. तसा प्रकाश टाकला की सुई चमकते किंवा तिची सावली लांब पडते. जमिनीवर दिसली नाही, मग फ्रिजवरचं चुंबक चादरीवरून फिरवलं आणि उशीच्या शिवणीत अडकलेली पाचवी चिकटून वर आली. तेव्हापासून गादीवर बसून शिवणं मी बंद केलं. खुर्ची किंवा उघडी फरशी, तिसरी जागा नाही.

लोकलमध्येही सुई नको. लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, क्रोशाही विणतात. सुरुवातीच्या स्टेशनला बसायला मिळालं असेल तर क्रोशा जरूर न्या. हिसक्याच्या गाडीत टोकदार सुई शेजारणीच्या दंडाला लागू शकते.

मुंबईच्या दमट हवेत सुया गंजतात आणि गंजकी सुई कापडावर तपकिरी ठिपका सोडते. पावसाळ्यात पिनकुशन झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत खडूचा तुकडा टाका, तो ओल ओढून घेतो.

मुलांनाही काम

थोरलीला हवं असतं ते खरं काम, खोटं खोटं नको. तिला मॅटीच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा आणि टोक नसलेली जाड सुई दिली आहे. मॅटीची वीण मोकळी असते, भोकं दिसतात, टाका आपोआप सरळ पडतो. पुढच्या ओळीचा रंगही तीच ठरवते. तिने जांभळ्याशेजारी पोपटी घेतला तेव्हा माझा हात आखडला होता, पण शब्द दिला होता म्हणून घातला. आज पाहुणे आधी तीच ओळ बघतात. धाकट्याला पुठ्ठ्याला मोठी भोकं पाडून बुटाची नाडी ओवायला द्या. माझा एक दोरा होईपर्यंत दोघंही त्यात रमतात, तेवढंच पुरे.

गोट आणि धुणं

ओळी पूर्ण झाल्यावर कच्चे टाके ओढून काढा. चारही कडा कात्रीने सरळ करा. बाजूला ठेवलेल्या पट्टीतून काठासकट तीन इंचांची पट्टी घ्या. गोधडीच्या चार बाजू मिळून १४० इंच होतात आणि पट्टी त्याहून बरीच लांब आहे, त्यामुळे कोपऱ्यांना सढळ कापड मिळतं. काठ दर्शनी येईल अशी पट्टी कडेवर दुमडून दोन्हीकडून बारीक हेम करा. कोपऱ्यात पट्टी खाली दुमडून दोन टाके जास्त घाला, मुलं गोधडी कोपऱ्यालाच धरून ओढतात.

पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटीच. जून-जुलैमध्ये धुवायला काढू नका. चार थरांचं कापड बाहेरून वाळलेलं वाटतं आणि आत ओल राहून वास धरतं. ऑक्टोबरच्या उन्हात ग्रिलवर दोन्ही बाजूंनी घाला. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर गोधडी खेळताना खाली अंथरायला वापरा, झोपेत अंगावर सैल टाकू नका.

सहा चौकोनांतले दोन उरतात. आमचे थोरलीने स्वतःच्या खणात नेऊन ठेवले आहेत. बाहुलीची गोधडी करायची आहे, दोरा पोपटीच हवा आहे, आणि कच्चे टाके घालायला तिने आजीला रविवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे.