कथेचा आशय शोधताना या चुका टाळा

मालवणात आमचं कथावाचन रविवारी असतं. मासे आणून घरी दिले की मंडळी येतात. दोन तास, एकच कथा. ‘आशय काय?’ विचारलं की पहिली उत्तरं ठरलेली: ‘गरिबी’, ‘प्रेम’, ‘एकटेपण’. हा झाला विषय. त्याबद्दल कथा काय म्हणते, तो आशय. उत्तर एका शब्दात मावत असेल तर त्याचं वाक्य करा. क्रियापद आलं की निम्मं काम झालं.

याहून हट्टी चूक शाळेतून येते: कथेखाली तात्पर्य लिहायची. फ्रेंच लेखक मोपासांची ‘नेकलेस’ (१८८४) घ्या. कारकुनाची बायको मातिल्द मेजवानीसाठी मैत्रिणीचा हार मागून आणते, तो हरवतो, तसाच दुसरा ३६,००० फ्रँकला घेऊन परत केला जातो आणि नवराबायको दहा वर्षं कर्ज फेडतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं लिहून बहुतेक जण मोकळे होतात.

आमच्यातल्या एका मुलीनं मात्र विचारलं, “सर, त्या घोवाच्या बंदुकीचा काय झाला?” सगळे हसले. पण प्रश्न नेमका होता. शिकारीच्या बंदुकीसाठी नवऱ्यानं साठवलेले ४०० फ्रँक बायकोच्या पोशाखावर जातात, पुढे वडिलांनी ठेवलेले १८,००० हारावर. म्हणीत हा माणूस बसतोच कुठे? हार हरवल्यावर ‘कडी तुटलीय, दुरुस्तीला दिलाय असं मैत्रिणीला लिही’ हेही त्याचंच डोकं. शेवटी हात राठ झालेली मातिल्द मैत्रिणीला सगळं सांगते तेव्हा मातिल्दच्याच हसण्यात भोळा अभिमान असतो. अर्धा तास खल करून आम्ही लिहिलं: लाज राखायला खरं लपवलं की खोट्या वस्तूची खरी किंमत मोजावी लागते. नवरा त्यात बसला, अभिमानही बसला. बंदूक अजून थोडी बाहेरच आहे. न बसणारा तपशील असा राहू द्यावा, झाकू नये.

आमच्या किनाऱ्यावरची खास चूक म्हणजे समुद्र आला रे आला की ‘अथांगतेचं प्रतीक’. अहो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कथेत होडी माडाच्या झापांनी झाकलेली असेल तर त्या घरात पैसा येणं थांबलंय, एवढंच आधी वाचा. तीच होडी पुन्हा पुन्हा आली, दरवेळी वेगळी दिसली, तर मग प्रतीकाचं बघू.

नवकथेपुढे लोक उलट्या टोकाला जातात: काही घडतच नाही, म्हणून आशय नाही. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या पिढीनं कथेचं लक्ष घटनेवरून मनाच्या हालचालींकडे वळवलं. तिथे कोण काय बोलायचं टाळतंय ते बघा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे पात्राचं वाक्य कथेच्या तोंडी घालणं. रवींद्रनाथांच्या ‘पोस्टमास्तर’मध्ये (१८९१) पोस्टमास्तर खेडं सोडून निघतो. त्याच्याकडे काम करणारी अनाथ रतन मागे राहते. होडीत बसल्यावर त्याला परतावंसं वाटतं, पण शिडात वारा भरलेला असतो. मग तो स्वतःची समजूत घालतो: आयुष्यात असे कितीतरी वियोग, जगात कोण कोणाचं? मुलं हेच आशय म्हणून उतरवतात. पण कथा तिथे संपत नाही. रतनच्या मनात असं काही तत्त्वज्ञान नव्हतं, असं सांगून ती आपल्याला पोस्टाभोवती रडत फिरणारी रतन दाखवते. म्हणजे पोस्टमास्तरचं तत्त्वज्ञान ही त्याची पळवाट. ती पळवाट कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे कथेला दाखवायचंय.

बीएच्या पेपरात मीही ‘वियोग अटळ आहे’ असंच लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते.