गॅरेजच्या दाराच्या स्प्रिंगचा ताण : घरी काय करावे आणि कोठे थांबावे

अमेरिकेत स्वतंत्र घरात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा रोजचा येण्याजाण्याचा मार्ग गॅरेजच्या दारातूनच असतो, आणि ते दार जड चालू लागले की दोष बहुधा मोटरला दिला जातो. वस्तुतः दाराचा भार मोटर उचलत नाही. दोन गाड्यांच्या गॅरेजचे पोलादी दार दीडशे पौंडांहूनही जड असू शकते. ते वजन तोलून धरण्याचे काम स्प्रिंग करते आणि मोटर फक्त तोललेले दार वर-खाली सरकवते. म्हणून स्प्रिंगचा ताण बिघडलेला असताना मोटरचा जोर वाढवणे हा उपाय नव्हे. त्याने खरा दोष झाकला जातो आणि मोटरही लवकर निकामी होते.

आपल्या दाराला कोणती स्प्रिंग आहे, हे आधी पाहावे. दाराच्या वर, भिंतीला समांतर अशा आडव्या दांड्यावर जाड स्प्रिंग बसवलेली असेल, तर ती टॉर्शन, म्हणजे पिळाची स्प्रिंग होय. तिचा ताण घरी बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. सात फूट उंचीच्या दारासाठी तिला साधारण साडेसात वेढ्यांचा पीळ दिलेला असतो, आणि स्प्रिंगच्या टोकाच्या शंकूसारख्या तुकड्यावरील स्क्रू सैल होताच तो पीळ त्या तुकड्यात घातलेल्या, हातातल्या सळईला गरकन फिरवतो. सळईऐवजी स्क्रूड्रायव्हर घालून हे काम करणाऱ्यांची बोटे आणि मनगटे मोडतात. दाराच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत स्प्रिंगचा ताण दारापर्यंत आणणारी केबल जिथे अडकवलेली असते, त्या पट्ट्यांचे बोल्टही याच कारणासाठी कधी सोडू नयेत.

दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांच्या वर लांबट स्प्रिंगा असतील, तर त्या एक्स्टेन्शन, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगा होत. त्यांचा ताण थोडाफार बदलणे सावध माणसाला घरी जमते, मात्र प्रत्येक स्प्रिंगच्या आतून सुरक्षेची वेगळी तार ओवलेली असली पाहिजे. ती तार नसेल तर तुटलेली स्प्रिंग गॅरेजभर उडू शकते, तेव्हा ती बसवून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

कामाआधी गाडी बाहेर काढावी, मुलांना घरात ठेवावे, सुरक्षेचा चष्मा आणि हातमोजे घालावेत आणि मोटरचा प्लग काढावा. मग दार पूर्ण बंद असतानाच लाल दोरी ओढून ते मोटरपासून वेगळे करावे; दार वर असताना दोरी ओढली आणि स्प्रिंग तुटलेली निघाली, तर ते थेट खाली कोसळते. आता दार हाताने कमरेइतके उचलून, हात जवळ ठेवूनच, सावकाश सोडून पाहावे. ते तिथेच थांबले तर ताण योग्य आहे, खाली आले तर कमी आहे आणि आपोआप वर गेले तर जास्त आहे. दार मुळात उचललेच जात नसेल किंवा एका बाजूला कलत असेल, तर स्प्रिंग वा केबल तुटल्याची शक्यता असते. तिथेच थांबून तंत्रज्ञाला बोलवावे.

ताण बदलायचा तो दार पूर्ण उघडे असताना, कारण त्या स्थितीत स्प्रिंगा सर्वांत सैल असतात. दार वर नेऊन त्याच्या सर्वांत खालच्या चाकांच्या लगेच खाली, दोन्ही रुळांवर, सी-क्लॅम्प किंवा लॉक होणारी पक्कड घट्ट आवळावी. केबल स्प्रिंगच्या कप्पीला वळसा घालून एका इंग्रजी एस आकाराच्या आकड्याने रुळाजवळच्या भोके असलेल्या पट्टीत अडकवलेली असते. ताण वाढवायचा असेल तर आकडा स्प्रिंगपासून दूरच्या, आणि कमी करायचा असेल तर जवळच्या पुढील भोकात घालावा. एका वेळी एकच भोक बदलावे आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखेच बदलावे, नाहीतर दार तिरके होऊन रुळात अडकते. आकडा हाताने सहज सुटत नसेल, तर केबलमध्ये अजून ताण आहे असे समजावे आणि जोर लावू नये. बदल झाल्यावर क्लॅम्प काढून, दार दोन्ही हातांनी धरून खाली आणावे आणि तोलाची चाचणी पुन्हा घ्यावी.

एकदोन भोके बदलूनही दार तोलले जात नसेल, तर स्प्रिंगा थकल्या आहेत. सामान्य स्प्रिंग दहा हजार उघडझापींसाठी बनवलेली असते. रोज चार वेळा दार उघडबंद होत असेल, तर हे आयुष्य सुमारे सात वर्षांत संपते. नव्या स्प्रिंगा नेहमी जोडीने बसवून घ्याव्यात.

तोल जमल्यावर दार मोटरला पुन्हा जोडावे आणि दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवून ते मोटरने बंद करावे. फळीला टेकताच दार उलटे वर गेले पाहिजे. १९९३पासून बनलेल्या मोटरींना दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीजवळ बसवलेले प्रकाशाचे सेन्सर असतात. दार खाली येत असताना त्यांच्यामधून झाडूचा दांडा फिरवून तीही खात्री करावी. दोहोंपैकी कोणत्याही एका चाचणीत जरी दार उलटे फिरले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ते मोटरविना हातानेच वापरावे.