पेरणीआधी आभाळ नंतर बघा, आधी ट्रॅक्टरच्या टेंपरेचरचा काटा बघा

मृग 7-8 जूनला लागतो, आणि 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका हे सगळ्यांना पाठ झालंय. पण वाफसा (पेरणीजोगा ओलावा) आला की ट्रॅक्टर चालू हवा, त्याचं काय? मागच्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या शिवारात रोटाव्हेटर चालू असताना काटा लाल पट्ट्यात गेलेला, ड्रायव्हर म्हणतो मीटरच खराब आहे दादा, कायम तसंच दाखवतंय. तासाभरात हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालची सील) गेलं, ट्रॅक्टर 9 दिवस गॅरेजला, वाफसा गेला, मग भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत परत झड लागली. पेरणी पंधरा दिवस मागं. एका काट्यापायी.

म्हणून मीटर खराब असेल तर आजच नीट करा. चावी फिरवा, पण स्टार्ट करू नका. ऑइलचा आणि चार्जिंगचा लाइट लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय नाहीतर उंदरानं वायर कुरतडलीय, ऑइल सगळं चांगलं आहे असं समजू नका. स्टार्ट केल्यावर ऑइलचा लाइट काही सेकंदात विझला पाहिजे, चालू कामात परत लागला तर तिथंच बंद करा, धरलेली ओळ पुरी करायच्या नादाला लागू नका.

काट्याची एक गंमत सांगतो. पाणी पूर्ण गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो! गडी म्हणतो थंड झाला, आणि आत इंजिन भाजतंय. चढलेला काटा अचानक पडला तर आधी बंद करा, मग पाणी बघा.

नुसता चढला असेल आणि पाणी, फॅन बेल्ट जागेवर असेल तर पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) सोडा, 3-4 मिनिटं स्लोवर चालवा, मग बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते.

तापायचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत असतं. हरभऱ्याचा भुसा, गाजरगवताची फुलं. फॅनच्या बाजूनं पुढं हवा मारा, समोरून मारली तर कचरा आणखी आत बसतो. पुस्तकात रोज साफ करा लिहिलंय, माझा अंदाज रोटाव्हेटरला दर 3 तासांनी. दुकानदार इंजिन थंड ठेवायची बाटली गळ्यात मारतो ती घेऊ नका, त्याच पैशात फॅन बेल्ट आणि सेन्सर बघा. कूलंट मात्र कंपनीच्या पुस्तकातल्या प्रमाणातच घाला.

बाकीचं नेहमीचं:
- रोडवर दोन्ही ब्रेक पट्टीनं जोडलेले
- क्लचवर पाय ठेवून चालवू नका
- डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) वळताना काढा
- उताराला न्यूट्रल नको
- खाली उतरताना पीटीओ बंद, हायड्रॉलिक खाली
- रोटाव्हेटरला आरपीएम मीटरवर पीटीओच्या 540 ची खूण
- तासांचा मीटर बघून ऑइल बदला, बऱ्याच ट्रॅक्टरला 250 तास

आणि मीटरची वायर बाहेरून उंदरानं खाल्लेली दिसत नाही, डॅशबोर्डच्या मागं हात घालून चाचपा. आमच्याकडं तिथं अख्खं घरटं निघालं, तुरीच्या काड्यांसकट.