पाईपमधलं फोर्स्ड कन्व्हेक्शन फ्लुएंटमध्ये : आधी कॅल्सी, मग मेश

फ्लुएंट (प्रवाह आणि उष्णतेचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी कॅल्क्युलेटर घ्या, कारण सॉफ्टवेअर रंगीत चित्र तर देणारच, ते खरं की खोटं हे कळायला आपल्या हातात एक आकडा हवा.

फोर्स्ड कन्व्हेक्शनची, म्हणजे ढकललेलं पाणी भिंतीची उष्णता घेऊन जातं त्याची, साधी केस घेऊ. पाणी, आतला व्यास २० मिमी, लांबी २ मीटर, वेग ०.५ मीटर प्रति सेकंद, इनलेटला २८ डिग्री, भिंतीवर सगळीकडे २० किलोवॅट प्रति चौरस मीटर हीट फ्लक्स. प्रॉपर्टीज ३० डिग्रीच्या घ्यायच्या. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा) साधारण १२,५०० येतो म्हणजे फ्लो टर्ब्युलंट, खळबळता, मग लॅमिनारचा, म्हणजे शांत प्रवाहाचा, तो पाठ केलेला नसेल्ट नंबर (भिंतीकडून पाण्यात उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा) ४.३६ इथे चालत नाही. डिटस-बोल्टरच्या कोरिलेशनने (प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्राने) नसेल्ट नंबर ८६ च्या आसपास येतो, ग्निएलिन्स्कीने ८८, मी दुसरा धरतो. त्यावरून हीट ट्रान्सफर कोएफिशियंट साधारण २७००, म्हणजे भिंत पाण्यापेक्षा सात-साडेसात डिग्रीने गरम राहणार आणि पाणी आउटलेटपर्यंत ३.८ डिग्री तापणार.

आता मॉडेल. गोल सरळ पाईपला थ्रीडी कशाला, टू-डी ॲक्सिसिमेट्रिक (अक्षापासून भिंतीपर्यंतचा एकच काप) घ्या, फक्त ॲक्सिस एक्सवरच ठेवा. एनर्जी इक्वेशन ऑन, टर्ब्युलन्सला के-ओमेगा एसएसटी मॉडेल. वॉल फंक्शनच्या (भिंतीलगतचा थर न सोडवता सूत्राने भरून काढण्याच्या) नादाला इथे लागू नका, त्यासाठी वाय प्लस (भिंतीपासूनचं परिमाणरहित अंतर) ३० ठेवायचा तर मेशमधल्या पहिल्या सेलचा (चौकटीचा) मध्यच भिंतीपासून ०.८ मिमीवर जातो आणि १० मिमीच्या त्रिज्येत जेमतेम सहा सेल बसतात! त्यापेक्षा वाय प्लस १ च्या आत ठेवा, त्यासाठी पहिला सेल ०.०५ मिमी जाडीचा, पुढे हळूहळू वाढवत न्यायचा.

बरेच जण अडकतात ते शेवटी. फ्लुएंट जो सरफेस हीट ट्रान्सफर कोएफिशियंट दाखवतो तो रेफरन्स व्हॅल्यूजमधलं टेंपरेचर धरून काढलेला असतो, आणि ते बदललंच नसेल तर आकडा भलताच येतो, मग लोक बिचाऱ्या मेशला शिव्या घालतात. एंट्रन्सपासून लांब, म्हणजे १.५ मीटरच्या पुढे एक सेक्शन घ्या, तिथलं पाण्याचं मास-वेटेड ॲव्हरेज टेंपरेचर काढा (एरिया-वेटेड नको, मधल्या रेषेवरचंही नको), तिथल्याच भिंतीच्या तापमानातून ते वजा करा आणि फ्लक्सला त्याने भागा. हाताने काढलेल्या २७०० पासून दहाएक टक्के फरक राहिला तर चालेल, कोरिलेशन तेवढंच पक्कं असतं. पण पाणीच ३.८ डिग्री तापत नसेल तर नसेल्टकडे बघूच नका, आधी मास फ्लो आणि फ्लक्सची युनिट्स तपासा.